ब्रेक्झिटच्या वाटाघाटी: ब्रिटन ब्रसेल्समध्ये हरला की घरातच?

दर्यावर्दी

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडायचा कौल दिला. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं. मधल्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधान घरी गेले आणि संसद अक्षरशः ठप्प झाली. लढाईत कमावलं ते तहात गमावलं, असं आपण म्हणतो. माझं मत आहे की ब्रिटनने तहाला बसायच्या आधीच गमावलं होतं.

कारण सांगतो. २९ मार्च २०१७ ला पंतप्रधान थेरेसा मे यांनी कलम ५० खाली, म्हणजे महासंघ सोडण्याच्या तरतुदीखाली, नोटीस दिली. या कलमात दोन वर्षांची मुदत असते आणि ती वाढवायची तर उरलेल्या सत्तावीसही देशांचा होकार लागतो. म्हणजे नोटीस गेली त्या दिवसापासून घड्याळ समोरच्याच्या बाजूने पळायला लागलं. आणि तेव्हा यांचं काय ठरलं होतं? सामाईक बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ सोडणार एवढं मे यांनी जानेवारीच्या भाषणात जाहीर केलं होतं. त्यांच्या जागी नेमकं काय आणणार, यावर मंत्रिमंडळाचं एकमत व्हायला जुलै २०१८ मधली पंतप्रधानांच्या चेकर्स या बंगल्यावरची बैठक लागली. नोटीस दिल्यानंतर पंधरा महिन्यांनी! तेही एकमत तीन दिवस टिकलं नाही. आधी ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस गेले, पाठोपाठ परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन.

मधेच जून २०१७ ला गरज नसताना निवडणूक घेऊन बहुमत घालवलं आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या ब्रिटनवादी पक्षाच्या दहा खासदारांवर सरकार टेकवलं. त्याची किंमत ४ डिसेंबर २०१७ ला कळली. मे ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्यासोबत जेवत होत्या, आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड यांच्यातल्या सीमेबद्दलचा मजकूर जवळजवळ ठरला होता. तिकडे बेलफास्टमध्ये डीयूपीच्या नेत्या अर्लीन फॉस्टर यांनी जाहीरपणे नकार दिला. मे यांना जेवणावरून उठून त्यांना फोन करावा लागला आणि त्या दिवशी करार न करताच परतावं लागलं. आपल्याच घरातल्यांशी बोलणं झालेलं नसताना परक्याशी काय बोलणार?

विरुद्ध मत असेल तर जरूर मांडा. तिकडे राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

उलटतपास

असहमत. महासंघाची बाजू तुम्ही अगदी सहज सोडून दिलीत.

१९ जून २०१७, वाटाघाटींचा पहिलाच दिवस. महासंघाने क्रम लावून दिला: आधी देणी, नागरिकांचे हक्क आणि आयर्लंडची सीमा, व्यापाराचं मागाहून बघू. आता सीमेवर तपासणी लागणार की नाही हे व्यापार कसा होणार त्यावर अवलंबून आहे. म्हणजे व्यापारावर बोलायचं नाही, पण सीमेचं उत्तर मात्र आधी द्यायचं. नाक दाबून तोंड उघडायला लावण्याचाच हा प्रकार होता.

मग आला बॅकस्टॉप, म्हणजे आयर्लंडच्या सीमेवर तपासणी येऊ नये म्हणून केलेली तजवीज. दुसरा तोडगा निघेपर्यंत संपूर्ण ब्रिटनने महासंघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत राहायचं, आणि त्यातून एकतर्फी बाहेर पडायची सोय नाही. महासंघ सोडायला निदान कलम ५० तरी होतं, याला तेही नाही. १२ मार्च २०१९ ला खुद्द मे यांचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे कायदा सल्लागार, जेफ्री कॉक्स यांनी लेखी मत दिलं की हा कायदेशीर धोका जसाच्या तसा आहे. त्याच संध्याकाळी मे यांनी महासंघाशी केलेला करार संसदेत ३९१ विरुद्ध २४२ मतांनी पडला. कुठला सार्वभौम देश अशा कागदावर खुशीने सही करेल?

आणि घरभेदी म्हणायचंच असेल तर संसदेला म्हणा. कराराविना बाहेर पडता येऊ नये म्हणून तिने २०१९ मध्ये दोनदा कायदा केला. गिऱ्हाईक दुकानातून उठून जाऊच शकत नाही हे दुकानदाराला माहीत असेल, तर तो भाव कशाला पाडेल?

पैलतीर

उलटतपास, सीमेचं हत्यार केलं हा आरोप मी खूप ऐकलाय. काही वर्षं डब्लिनला नोकरीला होतो म्हणून लिहितो.

डब्लिनहून उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीकडे गाडीने जाताना देश कधी बदलला ते कळतही नाही. वेगमर्यादेच्या पाट्यांवरचे आकडे किलोमीटरऐवजी मैलांत दिसायला लागतात, तेवढीच खूण. सीमा सुमारे ५०० किलोमीटरची, ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. उत्तरेतल्या गाईंचं बरंचसं दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं. काही शेतकऱ्यांची एकच जमीन दोन्ही देशांत आहे. याच सीमेवर कधीकाळी लष्कराचे टेहळणी बुरूज होते. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली आणि १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर कुठे शांतता आली. तिथे पुन्हा चौकी उभारायची म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हा प्रश्न ब्रसेल्सने उकरून काढला नाही. सार्वमताच्या दोन आठवडे आधी जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर, एक हुजूर पक्षाचे आणि एक मजूर पक्षाचे माजी पंतप्रधान, एकत्र उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला जाऊन हेच सांगत होते. इंग्लंडातल्या प्रचारात त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतं राहण्याच्या बाजूने दिली, तीही एकूण बेरजेत विरून गेली. आयर्लंड महासंघाचा सदस्य होता आणि राहणार होता. महासंघाने आपल्या सदस्याच्या पाठीशी उभं राहायचं नाही तर कुणाच्या?

थेम्सकाठ

मी लंडनजवळ राहतो. पासपोर्ट भारतीय. तरीही या सार्वमतात मला मत होतं, कारण ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तो हक्क आहे. मी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं आणि आजही तेच देईन.

बायकोला इथे आणायला मला वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्न सिद्ध करावं लागलं. पगाराच्या पावत्या, बँकेची पत्रं, महिनोन्‌महिने वाट पाहणं. शेजारी महासंघातल्या एका देशाचा होता, त्याचा पगार माझ्याहून कमी. त्याने कुटुंब आणलं, त्याला उत्पन्नाची अटच नव्हती. पुण्या-नागपुरातून शिकून आलेल्या डॉक्टरला वेगळा नियम आणि त्याला वेगळा, हे मला पटलं नाही. सगळ्यांना एकच रांग हवी, एवढंच माझं म्हणणं होतं. माझ्यासारख्या मतदाराला सरसकट परकीयद्वेष्टा ठरवलं जातं, त्याचा मनापासून राग येतो.

वाटाघाटी फसल्या कारण त्या करणाऱ्यांचा ब्रेक्झिटवर विश्वासच नव्हता. मे स्वतः राहण्याच्या बाजूच्या होत्या. नुकसान कमी कसं करायचं एवढ्याच विचाराने बसलं की तेवढंच हाती लागतं. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉचवरचं १५० टक्के आयात शुल्क निम्म्यावर येणार. महासंघाची भारताशी बोलणी २००७ ला सुरू झाली आणि वर्षानुवर्षं भिजत पडली. आत राहून ब्रिटनला हा करार करताच आला नसता.

मांडवी

थेम्सकाठ, तुम्हाला मत होतं. मला नव्हतं.

आमचं घर डिचोलीचं. वडिलांचा जन्म १९६१ आधीचा, म्हणून पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क, आणि त्या पासपोर्टवर आम्ही इंग्लंडातल्या स्विंडनला आलो. इथे असे गोंयकार पुष्कळ आहेत; गोदामांत, इस्पितळांत, वृद्धाश्रमांत काम करतात. राष्ट्रकुलातले म्हणून तुम्ही मतदार आणि युरोपीय म्हणून आम्ही नाही. भारतीय पासपोर्ट ठेवला असता तर मत मिळालं असतं, पण मग इथे येताच आलं नसतं. आणि स्विंडनने कौल दिला तो बाहेर पडण्याचा.

धागा वाटाघाटींचा आहे म्हणून त्यावरच बोलते. सार्वमतानंतर कितीतरी महिने आम्हाला कुणी सांगेना की राहता येईल की नाही. मे सरकारला सांगता आलं असतं. मार्च २०१७ मध्ये संसदेच्या वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, नोटिशीच्या विधेयकात तशी दुरुस्ती घातलीही होती: इथल्या युरोपीय नागरिकांचे हक्क आधी पक्के करा. खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, ती काढून टाकली. कारण काय, तर तिकडे राहणाऱ्या ब्रिटिशांसाठी बोलणी करताना हातात काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे आम्ही, तीसएक लाख माणसं! शाळेत जाणारी मुलं, घराचे हप्ते, म्हातारे आईबाप, सगळं त्या हिशेबात धरलेलं.

पुढे इथे राहण्याच्या हक्कासाठी नोंदणीची योजना आली. आधी माणशी ६५ पौंड फी ठेवली होती, ती जानेवारी २०१९ मध्ये ओरड झाल्यावर रद्द केली. पासपोर्टची चिप वाचणारं अ‍ॅप सुरुवातीला फक्त अँड्रॉइड फोनवर चाले. वडिलांचे हात थरथरतात. फोन पासपोर्टवर स्थिर ठेवायला त्यांना जमेना. शेवटी जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट ठेवून मी फोन धरला तेव्हा झालं. हातात कार्ड नाही, कागद नाही. घरमालकाने विचारलं की संकेतस्थळावरून कोड काढून द्यायचा.

होंडाचा इथला कारखाना २०२१ मध्ये बंद झाला, त्याचं खापर मी ब्रेक्झिटवर फोडणार नाही, कंपनीने कारणं वेगळी दिली होती. पण माणसांना डावावर लावणं हा सरकारचा स्वतःचा निर्णय होता. तो ब्रसेल्सने लादला नव्हता.

उलटतपास

मांडवीताई, तुमच्या मुद्द्यावर माझा काहीच वाद नाही. ती हमी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती.

पण मूळ प्रश्नावर मी ठाम आहे. महासंघ सांगत होता की झालेला करार पुन्हा उघडणार नाही. जॉन्सन पंतप्रधान झाले, कराराविना जायची तयारी दाखवली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये करार उघडला गेला. बॅकस्टॉप गेला. डिसेंबरच्या निवडणुकीत जनतेने त्यांना ३६५ जागा दिल्या. उठून जायची तयारी असली की समोरचा हलतो.

दर्यावर्दी

हलला, पण कुठे? महासंघाने २०१८ च्या सुरुवातीला मसुद्यात जे मांडलं होतं त्याच्याच जवळ: तपासणीची रेघ आयरिश समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि बाकीच्या ब्रिटनच्या मधे. ते वाचून मे म्हणाल्या होत्या की कुठलाही ब्रिटिश पंतप्रधान हे मान्य करणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये डीयूपीच्या अधिवेशनात जॉन्सनही तेच बोलले. अकरा महिन्यांनी त्यांनीच ते मान्य केलं. त्यापायी डीयूपीने फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलफास्टचं सरकार पाडलं आणि ते पुन्हा उभं राहायला दोन वर्षं लागली. मधे २०२३ ला महासंघाशी विंडसर आराखडा हा नवा समझोता करून रेघ सौम्य करावी लागली.

आणि उठून जायच्या तयारीबद्दल. कराराविना जायची वेळ आली तर जादा फेरी बोटी हव्यात म्हणून मे सरकारने ज्या कंपन्यांना कंत्राटं दिली, त्यांतल्या एकीकडे एकही बोट नव्हती. १.३८ कोटी पौंडांचं कंत्राट. फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द करावं लागलं. ब्रसेल्समध्येही वर्तमानपत्रं वाचतात.

संसदेवरचा तुमचा राग मात्र मला अर्धा मान्य आहे. २७ मार्च २०१९ ला खासदारांसमोर ब्रेक्झिटचं पुढे काय करायचं याचे आठ पर्याय होते आणि आठही पडले. एक ना धड भाराभर चिंध्या. १ एप्रिलला सीमाशुल्क संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी हरला. दुसऱ्या सार्वमताच्या आशेवर बसलेल्या काहींनी त्या दिवशी साथ दिली असती तर निदान एका गोष्टीवर बहुमत आहे एवढं तरी दिसलं असतं. त्यांचा हट्टही तितकाच नडला.

थेम्सकाठ

मांडवी, तुमचं वाचून थांबलो. नागरिकांचे हक्क सौद्यात ओढले ते चुकलंच. मी मत दिलं ते एका रांगेसाठी. तुम्हाला रांगेतून बाहेर काढण्यासाठी नाही. तेव्हा आमच्या खासदाराला मी तसं पत्रही लिहिलं होतं. छापील उत्तर आलं.

मांडवी

विश्वास ठेवते. पण मतपत्रिकेवर राहायचं की जायचं एवढंच विचारलं होतं, रांगेचा प्रश्न त्यावर नव्हता. जायचं म्हणजे कसं, हे लोकांनी ज्याचं त्याने मनात ठरवलं, आणि मग मे यांच्यासमोर १.७४ कोटी माणसांच्या वेगवेगळ्या अपेक्षा येऊन पडल्या. दर्यावर्दी म्हणतात ती चूक नोटिशीच्याही आधीची आहे, असं माझं मत. कॅमेरून सरकारने बाहेर पडायचा आराखडा तयार न ठेवता सार्वमत घेतलं आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्याबद्दल या धाग्यावर अजून कुणी एक ओळही लिहिलेली नाही.