आई पुण्याहून येतेय : बिग सरचा हायवे १ गुडघे सांभाळून दोन दिवसांत कसा करावा?

कोथरूड_ते_सॅनहोजे
आई सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून येतेय, दोन महिन्यांसाठी. वय ६९. दोन्ही गुडघे दुखरे. सपाटीवर अर्धा किलोमीटर चालते, जिन्याला कठडा लागतो. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. ताम्हिणी असो की वरंधा, घाटात गाडी लागते. शाकाहारी.

तिला इथे कॅलिफोर्नियात सॅन होजेहून मॉन्टेरे, कार्मेल, मग समुद्राकाठच्या हायवे १ ने बिग सरचा डोंगरी किनारा करत हर्स्ट कॅसल या जुन्या महालापर्यंत न्यायचं आहे. माझ्याकडे फक्त शनिवार-रविवार आहेत. दोन दिवसांत जमेल का? कोणत्या दिशेने जावं? गाडी कोणती घ्यावी? आणि गाडी लागण्यावर पुण्यातूनच काय तयारी करून यावं?

सागरी_वाट
दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि चालक डावीकडे बसतो, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना आईंची पुढची सीट थेट समुद्राच्या अंगाला येते. थांबायच्या जागाही उजवीकडेच लागतात, समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडाव्या लागत नाहीत. उलट दिशेने आलात तर त्यांच्या खिडकीत दिवसभर डोंगराची दरड दिसेल.

सॅन होजे ते मॉन्टेरे साधारण ७० मैल, दीड तास. ते शुक्रवारी संध्याकाळीच उरका आणि मुक्काम मॉन्टेरेत करा. शनिवारी सकाळी साडेनऊच्या आत कार्मेल सोडा. तिथून हर्स्ट कॅसल ९० मैल. नकाशा अडीच तास दाखवतो, पण थांबत जायचं तर सात तास धरा. सप्टेंबरअखेर सात वाजता सूर्य मावळतो, आणि वळणांचा हा रस्ता अंधारात चालवण्यात काहीच हशील नाही. मुक्काम केंब्रिया किंवा मॉरो बेला. रविवारी आतल्या बाजूच्या हायवे १०१ ने परत, साडेतीन तासांत घरी.

बिक्स्बी पूल कार्मेलपासून १३ मैलांवर. १९३२चा, काँक्रीटच्या एकाच मोठ्या कमानीचा, ओढ्यापासून सुमारे ८० मीटर उंच. फोटोची जागा पुलाच्या अलीकडे, उत्तर टोकाला आहे आणि ती दहाच्या पुढे भरून जाते. जागा नसेल तर रस्त्यात गाडी उभी करू नका, पुढे चला. तिथे वारा एवढा असतो की दार उघडताच हातातून सुटतं. आधी तुम्ही उतरा, त्यांचं दार धरून ठेवा, मग त्यांना उतरू द्या. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट बरे.

मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे हळू गाडीने टर्नआउटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत, बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी लागते. पाच साचण्याची वाट बघू नका, दोन दिसल्या तरी बाजूला व्हा. मागून कोणी रेटत असलं की वळणं जोरात घेतली जातात, आणि आईंना नेमका त्याचाच त्रास होईल.

औषधपेटी
गाडी लागण्याबद्दल. पुण्यात अ‍ॅव्होमिन सर्रास घेतात. ती प्रोमेथॅझिनची गोळी. गुंगी आणते, तोंड कोरडं पाडते, आणि साठीपुढे तोल जाऊन पडण्याचा धोका वाढवते. गुडघे दुखरे असताना हे फार महत्त्वाचं आहे. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. बीपीच्या गोळीसोबत चालेल ना, अर्धी पुरेल का, हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना पुण्यातच विचारून घ्या. गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग नाही.

आणि निघण्यापूर्वी पुण्यातच एक चाचणी करा. कोणाबरोबर तरी त्यांना मुळशीवरून ताम्हिणी घाटात नेऊन आणा: पुढची सीट, आधी गोळी, नजर लांब रस्त्यावर, मोबाइल पर्समध्ये. किती गुंगी येते ते घरच्या माणसांत कळेल. नवं औषध पहिल्यांदा बिग सरच्या कड्यावर घ्यायचं नाही.

लघवीच्या गोळीमुळे पाणी कमी पिऊ देऊ नका. त्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का, हेही त्याच डॉक्टरांना विचारा. औषधं मूळ पाकिटात आणि जेनेरिक नावं लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत. आरोग्य विमा घेताना आधीपासूनच्या आजाराबद्दलचं कलम नीट वाचा. बऱ्याच पॉलिसी तो आजार अचानक बळावला तरच पैसे देतात, नेहमीच्या तपासणीचे देत नाहीत.

पोचल्यावर दहा दिवस तरी जाऊ द्या. पुण्याशी साडेबारा तासांचा फरक आहे, पहिल्या आठवड्यात त्यांना भर दुपारी झोप येईल.

कोथरूड_ते_सॅनहोजे
ताम्हिणीची चाचणी पुढच्याच रविवारी करायला सांगतो. दोन गोष्टी राहिल्या : वाटेत स्वच्छतागृहं कुठे, आणि सिडान चालेल का?

सागरी_वाट
कार्मेल सोडताना एकदा जाऊन यायचंच, तिथेच पेट्रोलही भरायचं; पुढे पंप मोजके आणि फार महाग. मग फायफर बिग सर स्टेट पार्क, कार्मेलपासून अंदाजे २६ मैल. मग जुलिया फायफर बर्न्स, ३७ मैलांवर. मॅकवे धबधबा तिथेच, रस्त्याच्या कडेवरूनही दिसतो. त्यानंतर रॅग्ड पॉइंटपर्यंत तासाभराहून जास्त वेळ जातो. मध्ये सँड डॉलर बीचवर साधी, बिनपाण्याची संडासं आहेत. त्यामुळे जुलिया फायफर बर्न्सला गरज वाटली नाही तरी जाऊन यायला सांगा. टिश्यू आणि पाण्याची बाटली जवळ हवीच.

सिडान नको, खूप उंच एसयूव्हीही नको. मध्यम उंचीची सीआरव्ही किंवा आरएव्ही४सारखी गाडी घ्या, जिची सीट आईंच्या मांडीच्या उंचीला येते. बसताना आधी पाठ गाडीकडे करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज वळतं आणि गुडघ्याला पीळ पडत नाही. बसल्या की पिशवी काढून घ्या.

मुक्कामी
एका शनिवारात पूर्ण रस्ता करण्याला माझा विरोध आहे. घाटात गाडी लागणाऱ्या माणसाला ९० मैल वळणं एकाच दिवशी देऊ नका. मॉन्टेरेत दोन रात्री राहा. शनिवारी जुलिया फायफर बर्न्सपर्यंत जाऊन परत या. येताना समुद्र त्यांच्या बाजूला नसेल हे खरं, पण बिक्स्बी आणि मॅकवे दोन्ही होतात, आणि त्रास झालाच तर कुठूनही मागे फिरता येतं. रविवारी कार्मेलजवळचं पॉइंट लोबोस हे किनाऱ्यावरचं राखीव उद्यान किंवा मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम. हर्स्ट कॅसल वेगळ्या वीकेंडला १०१ ने करा. त्याच्या मुख्य सहलीत भरपूर पायऱ्या आहेत, म्हणून बुकिंग करताना कमी पायऱ्यांची सहल मागून घ्या. तिथून साडेचार मैल उत्तरेला एलिफंट सीलचा किनारा. वाहनतळाला लागूनच सपाट लाकडी वाट आहे आणि तिकीट नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे लहान वयाचे सील दिसतात. मोठे नर डिसेंबरच्या सुमारास येतात.

मुक्कामाला स्वयंपाकाचा ओटा असलेली खोली घ्या. डाळ-तांदूळ, मेतकूट, तुपाची छोटी बरणी, वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी एवढं पुरतं. पुण्याहून विजेची किटली आणू देऊ नका. ती २३० व्होल्टची, इथे १२० मिळतात. पाणी जेमतेम पाव ताकदीने तापतं.

सागरी_वाट
मुक्कामींचं पटतं. ताम्हिणीत त्रास झाला तर त्यांचाच आराखडा घ्या, नाही झाला तर पूर्ण रस्ता.

दोन्हींत एक काम सारखंच : निघायच्या आदल्या रात्री कॅलट्रान्सचा (कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचा) क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा उघडून हायवे १ चालू आहे का बघा. हा डोंगर दरवर्षी कुठे ना कुठे ढासळतो. मे २०१७मध्ये मड क्रीकला कडा कोसळला तेव्हा तो तुकडा जुलै २०१८पर्यंत बंद होता. मध्येच बंद निघाला तर आडवाटेच्या डोंगरी रस्त्याने नेण्याचा मोह टाळा, तिथली वळणं याहून वाईट. मॉन्टेरेहून सॅलिनासला या, १०१ ने दक्षिणेला, पासो रोबल्सच्या थोडं पुढे हायवे ४६ वेस्ट घेतला की थेट केंब्रियाजवळ उतरता. त्या उताराला शेवटी समुद्र समोरच उलगडतो. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, बिग सरमध्ये मैलोन् मैल सिग्नल नसतो. आणि स्वेटर डिकीत नको, त्यांच्या हाताशी ठेवा. सप्टेंबरातही धुक्यात शिरलात की दहा मिनिटांत गारठा येतो.