बेटी कार्टर: मोठी गायिका की नुसती कडक हेडमास्तरीण?

खर्जातला:
गेले दोन आठवडे अमेरिकन जॅझ गायिका बेटी कार्टर (१९२९–१९९८) सोडून दुसरं काही कानावर पडू दिलेलं नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच, की बाईंना आपण 'गायिका' म्हणून ऐकायला बसतो तिथेच चुकतो. बाई बँड चालवायच्या. गळा हे त्या बँडमधलं चौथं वाद्य.

'द ऑडियन्स विथ बेटी कार्टर' लावा. डिसेंबर १९७९, सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्रेट अमेरिकन म्युझिक हॉलमधली मैफल. पियानोवर जॉन हिक्स, बेसवर कर्टिस लंडी, ड्रमवर जेमतेम एकविशीतला केनी वॉशिंग्टन. सुरुवातीलाच 'साउंड्स' हा पंचवीसेक मिनिटांचा तुकडा. त्यात शब्द जवळपास नाहीतच, सगळं स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांवर जागच्या जागी रचलेलं गाणं. लय मध्येच धावते, मध्येच खाली बसते, आणि तिघंही सावलीसारखे मागे. एकदा गाणं विसरून फक्त ड्रम ऐका, मग मला काय म्हणायचंय ते कळेल.

गुणगुण्या:
दोन आठवडे ऐकलंत ना? मग त्यातली एक तरी चाल अंघोळ करताना तोंडात आली का? खरं सांगा.

बाईंना चालीत राहून गाता येत होतं, राग त्याचाच येतो. गायक रे चार्ल्सबरोबरची १९६१ची तबकडी ऐका. 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड'मध्ये काय लाडिक, खट्याळ आवाज लागलाय! शब्द न् शब्द कळतो. आणि पुढे? १९९२च्या अल्बमचं नावच 'इट्स नॉट अबाउट द मेलडी', म्हणजे 'प्रश्न चालीचा नाहीच'. हा तर लेखी कबुलीजबाब झाला. चाल बांधणाऱ्याने काय झक मारली?

खर्जातला:
त्या एका तबकडीवर आयुष्यभर बसून खाता आलं असतं. खाल्लं नाही, हीच तर गोष्ट आहे. १९४८मध्ये जॅझ बँडवाला लायोनेल हॅम्प्टनच्या बँडात असल्यापासून हेच. त्याने कौतुकाने 'बेटी बीबॉप' नाव ठेवलं (बीबॉप म्हणजे तेव्हाचं नवं, वेगवान जॅझ), तर बाईंना ते नावही पटेना. पुढे रेकॉर्ड कंपन्यांशी जमेना तेव्हा 'बेट-कार' नावाचं स्वतःचं लेबल काढलं. वर म्हटलेली 'ऑडियन्स' त्याच घरच्या लेबलवरची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस व्हर्व्हसारखी मोठी कंपनी आली ती बाईंच्या दारात, आणि तिथल्या पहिल्याच 'लुक व्हॉट आय गॉट!'ला ग्रॅमी.

पेटीवाला:
मी गायकांना पेटीची साथ करतो, जॅझमधलं फार कळत नाही. पण मूळ धाग्यातलं ऐकलं आणि घाम फुटला. गायक पुढची जागा कुठे घेणार हे साथीदाराला आधी कळायला लागतं, इथे तर लयच बाईंच्या मुठीत! बाकी मल्ग्रू मिलर, बेनी ग्रीन, सायरस चेस्टनट, जॅकी टेरासाँ, लुईस नॅश... ही सगळी नावाजलेली जॅझ वादक मंडळी तरुणपणी बाईंच्या हाताखालून गेलेली. शिवाय १९९३मध्ये ब्रुकलिनला 'जॅझ अहेड' सुरू करून पोरांना गोळा करून शिकवलं ते वेगळंच.

गुणगुण्या:
काका, पोरं घेतली म्हणजे उपकार केले असं नाही. पोरं स्वस्त पडतात आणि उलट बोलत नाहीत. हाताला आली की जातात, मग नवी पोरं. अशाने बँड मुरणार कधी?

खर्जातला:
'उलट बोलत नाहीत' म्हणालात ते बरं झालं. 'फीड द फायर' ही मैफलीची तबकडी ऐका. १९९३, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल. पियानोवर जेरी ॲलन, बेसवर डेव्ह हॉलंड, ड्रमवर जॅक डिजॉनेट. तिघंही मुरलेले, नावाजलेले. यातलं कोण कुणाच्या धाकात राहणारं आहे? बाई चौसष्टच्या, आणि गाडीचं स्टिअरिंग तरीही त्यांच्याच हातात.

पेटीवाला:
गुणगुण्या, भांडण जरा बाजूला ठेवून 'ऑडियन्स'वरचं 'स्प्रिंग कॅन रियली हँग यू अप द मोस्ट' ऐका. अगदी विलंबित. शब्द ठोक्याच्या इतका मागे टाकतात की वाटतं, आता सुटलाच. आणि तेवढ्यात पियानोचा एकच स्वर त्याला खालून हात देतो. जॉन हिक्स तिथे काय काय वाजवू शकला असता! वाजवत नाही. साथ करणाऱ्याला किती अवघड असतं ते, विचारा मला.

गुणगुण्या:
ऐकलं. दोनदा. 'स्प्रिंग' दिलं तुम्हाला. पण त्याच मैफलीतलं 'माय फेव्हरिट थिंग्ज' अजिबात नाही, कुत्रं मागे लागल्यासारखं पळवलंय! आवडत्या गोष्टी मोजताना एवढी कसली घाई?

खर्जातला:
तेच तर मला सगळ्यात आवडतं. आता 'फीड द फायर' ऐकून या, मग पुढचं भांडू.