303 रायफल खोलताना बट (खांद्याले लावायचा मागचा दस्ता) आधी का पुढचं लाकूड आधी?

कोतवाला_काका: काल एका भावानं टाकलं, कॉलेजातली एनसीसीची डीपी (नुसती कवायतीची, गोळी न चालणारी) 303 परेडसाठी साफ केली म्हणे, "आधी बटचा बोल्ट काढा मंग पुढचं लाकूड, धा मिनिटात काम". डोकं फिरलं वाचून. बाप्पा, त्या बोल्टचं टोक चौकोनी असते अन् पुढच्या लाकडातल्या पत्तीत बसेल असते, लाकूड जागेवर ठेवून फिरवला की पत्तीबरोबर लाकूडही चिरते. पह्यले नोजकॅप (नळीच्या टोकावरचं लोखंड), पट्टा, ट्रिगर गार्ड, मंग लाकूड सरळ खाली, मंग बट. अन् या सगळ्याच्या आधी मॅगझिन काढून गोळी भरायचा बोल्ट मागं ओढून चेंबरमंधी करंगळी घाल, आत काडतूस तं नाई पाह्याले. पोलिसच्या कोतात, म्हंजे हत्यारखान्यात, 26 वर्षं काढली, वरून पॉलिश अन् आतून फट अशी लाकडं लय पाहिली.

वणीचा_पोट्टा: काका मी फिरवला, काईच नाई झालं. अन् डीपीच्या चेंबरले भोक पाडेल असते, करंगळी कायले?

कोतवाला_काका: डीपीवर सवय लागते म्हणून. खरी हातात आली का मंग शिकशील काय?

तुरीवाला: तुमी लाकडावर भांडून राहिले, इथं माही बाराबोर बंदूक 2024 मंधी दोनदा ठाण्यात जमा, लोकसभेले अन् विधानसभेले. नोव्हेंबरात तूर फुलावर अन् डुकरं वावरात, मी टिनाचा डबा वाजवत बसलो रातभर. परत भेटली तं नळीत गंज!

मेळघाटी: बंदूक असती तरी काय केलं असतं? वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारता येत नाही. आणि 303 तर प्रतिबंधित बोअर (लष्करी मापाची नळी), सामान्य माणसाला लायसन मिळतच नाही, मग ही चर्चा कुणासाठी?

तुरीवाला: परवानगी! तुमी एक रात्र या न भाऊ मचाणावर. दीड एकर तूर एका रातीत आडवी झाली तवा परवानगीचा कागद घेऊन डुकराले दाखवू का?

मेळघाटी: कायदा मी केला नाही. ओरडू नका.

तुरीवाला: मंग शहाणपण बी शिकवू नका.

कोतवाला_काका: गंजाचं ऐका दोघंबी. 303 च्या जुन्या काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीतून नळीत खार बसते, नुसत्या तेलानं जात नाई. आधी उकळतं पाणी ओता, पुलथ्रूले (नळीतून ओढायच्या दोरीले) चिंदी लावून कोरडी करा, मंग तेल. आमचा एक शिपाई तेलावर भागवायचा, आठ दिवसात नळी लाल.

वणीचा_पोट्टा: काका, आता टॉर्च लावून पाह्यलं. लाकडाले मागून फट हाय, केसाएवढी. पण थे आधीचीच असंन.

कोतवाला_काका: हाव न. इंग्रज जाताना पाडून गेले असतीन.

वणीचा_पोट्टा: बरं, पुढच्या बारी लाकूड आधी. झालं समाधान?

तुरीवाला: काका, थे उकळतं पाणी बाराबोरले चालंन का?