कॅन्सरसाठीची देणगी: आजच्या पेशंटला की संशोधनाला?

चाकणकर: आमच्या कंपनीचा यंदाचा सीएसआर निधी (समाजकार्यासाठी बाजूला काढलेला) कॅन्सरसाठी द्यायचं ठरतंय. पुण्यातच द्यायचा, पण कशाला? माझं मत, पेट-सीटी (शरीरात कॅन्सर कुठे शिल्लक आहे ते दाखवणारा स्कॅन) बघून उपचार ठरवण्याच्या संशोधनाला. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात (२०१६) डोकं-मानेच्या कॅन्सरचे ५६४ पेशंट होते. केमो-रेडिएशनसोबत एका गटाच्या मानेतल्या गाठींचं ऑपरेशन सरसकट ठरलेलं. दुसऱ्या गटाचं १२ आठवड्यांनी पेट-सीटी काढून, गरज दिसली तरच. पहिल्यात २२१ ऑपरेशनं झाली, दुसऱ्यात ५४, आणि जगण्याचं प्रमाण कमी झालं नाही. त्या ऑपरेशननंतर अनेकांचा हात खांद्यापासून नीट वर जात नाही. मार्केट यार्डातल्या हमालाचं मग काय होणार? ऑपरेशन टाळता येतं हे दाखवण्यात कुठल्या कंपनीला नफा आहे? तिथे पैसे सरकारने दिले आणि लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या कॅन्सर रिसर्च यूकेने.

पर्वती पायथा: ठाम विरोध. मी पेशंटच्या नातेवाइकांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करते. स्कॅनचे पैसे जमेनात म्हणून तारीख पुढे ढकलणारी घरं रोज बघते. पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं, त्या देणगीतून रोग्यांना खाटा मिळाल्या. समोरचा माणूस ताटकळत असताना त्याचे पैसे अभ्यासाला वळवायचे हे मला पटत नाही.

फिल्मवाला: रेडिओलॉजीत आहे, म्हणून बोलतो. चाकणकर, त्या अभ्यासातले बहुतेक पेशंट घशाच्या कॅन्सरचे, आणि त्यांतही एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्यांची संख्या मोठी. आपल्याकडे येतो तो तंबाखू-मशेरीचा, गालाचा आणि जिभेचा. त्यावर मुळात ऑपरेशनच आधी करतात. तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

शिवाय स्कॅन म्हणजे नुसता फोटो नव्हे. किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन दिल्यावर पेशंटला तासभर गप्प बसवावं लागतं. तो बोलत राहिला तर घशाचे स्नायूही ती साखर ओढतात आणि स्कॅनमध्ये चमकतात. रेडिएशननंतर घाईने काढलं तर सूज चमकते. म्हणून तर १२ आठवडे.

चाकणकर: मग इथल्या पेशंटवर अभ्यास इथेच व्हायला हवा ना? मशेरीच्या कॅन्सरचं उत्तर ब्रिटनमधून कसं येईल? आणि मला नवं मशीन घ्यायचंच नाही. देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, फीत कापतात, पुढे पेशंटचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाच्या पगाराला पैसे नसतात. मला तो पगार द्यायचाय.

पर्वती पायथा: पगाराचं पटलं. पण वेल्ह्याची बाई १२ आठवड्यांनी परत कशी येणार? रोज बुडणार, सोबत येणाऱ्याचाही बुडणार. स्कॅन, दोघांचं एसटीभाडं आणि बुडालेला रोज, सगळं अभ्यासाच्या खर्चात पहिल्याच पानावर लिहा. तेवढं असेल तर माझा विरोध नाही. नसेल तर तुमच्या अभ्यासात पुण्यात घर असलेलेच पेशंट उरतील.