मदत हवी आहे: रंकाळ्याच्या गाळातील जीव, खोली आणि सांडपाणी

नमस्कार. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या तळाशी राहणाऱ्या लहान जीवांचा अभ्यास मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी करत असून, एका प्रश्नावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. सांडपाणी मिसळते त्या काठाजवळचा गाळ ०.५ मिमीच्या चाळणीतून धुतला की ट्यूबिफेक्स कृमी आणि कायरोनोमिड माश्यांच्या लालभडक अळ्याच तेवढ्या उरतात. भरपूर प्राणवायू लागणाऱ्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या तिथे दिसत नाहीत. (कायरोनोमिडच्या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि त्याच्याच बळावर त्या कमी प्राणवायूत तग धरतात.) अडचण अशी की, उन्हाळ्यात पाण्याचे (वर गरम, खाली थंड असे) थर पडले की तळापर्यंत प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, त्यामुळे खोल भागात सांडपाणी नसतानाही हेच जीव सापडू शकतात. मग खोलीचा परिणाम कोणता आणि प्रदूषणाचा कोणता, हे वेगळे कसे काढावे? कोल्हापूरजवळच्याच कळंबा तलावातून त्याच हंगामात, तेवढ्याच खोलीवरचे नमुने घेऊन तुलना केली तर पुरेल, की प्रत्येक ठिकाणी तळालगतचा विरघळलेला प्राणवायू आणि गाळातील सेंद्रिय द्रव्यही मोजावे लागेल? केवळ जीवांच्या संख्येवरून निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.