कॉर्सेट घातल्यावर दोन तासांत सैल पडतंय, काय चुकलं?

शिवणवेडी_लेस्टर:
नमस्कार मंडळी. ब्लाउज, ड्रेस गेली १२ वर्षं घरीच शिवते. डिसेंबरातल्या एका व्हिक्टोरियन जत्रेसाठी १८८० च्या धर्तीचं कॉर्सेट, म्हणजे नाडीने कंबर आवळणारी ताठ चोळी, शिवलंय. बाहेरून साटीन, आतून पॉपलिन, पुढे स्टीलचं बस्क (खुंट्या अडकवून बंद होणाऱ्या दोन ताठ पट्ट्या), १२ पोलादी पट्ट्या. माझी कंबर ७६ सेंमी. कॉर्सेट टेबलावर सपाट मोजलं तर ६६, मागे ५ सेंमी फट ठेवली की ७१. नाडी आवळल्यावर ७१ च भरलं, पण दोन तासांनी ७४! फट मात्र तेवढीच. कंबरेपाशी आडव्या चुण्या पडल्यात आणि मागची दोन आयलेटं (नाडी ओवायची धातूची कडी) कापडातून निघून हातात आली. आणखी चार पट्ट्या घालू का?

रेशीमगाठ:
घाल की. जाड केबल टाय कापूनही चालतात, मी वापरलेत.

दोरा_सुई_ताई:
पट्ट्या वाढवू नकोस गं. पट्टी कापडाला उभं ताठ धरते, आडवा ताण ती घेतच नाही, तो सगळा कापडावर येतो. फट तेवढीच राहिली आणि कंबर ३ ने वाढली, म्हणजे नाडी सरकलेली नाही, कापड ताणलंय. नाटकांचे कपडे शिवण्यात माझी २३ वर्षं गेली, पॉपलिनचं हे असंच होतं.

कूटिल आण. माशाच्या काट्यासारख्या विणीचं घट्ट सुती कापड असतं, कॉर्सेटसाठीच विणतात. साटीन वरून शोभेला राहू दे.

आणि कंबरेला टेप घातलीस का? दोन थरांच्या मध्ये २ सेंमी रुंद सुती ट्विल टेप, म्हणजे तिरक्या विणीची न ताणणारी फीत, हवी. एकेका बाजूला ३३ सेंमी, टोकांची माया वेगळी. कंबरेची रेघ खडूने आख, टेप तिच्यावरच ठेव आणि प्रत्येक पट्टीच्या खोबणीची टीप तिच्यावरून जाऊ दे. जरासुद्धा सैल नको.

आयलेटची भोकं पंचने पाडलीस ना? पंच धागे कापतो, आरी (टोकदार दाभण) ते नुसते बाजूला सारते. आरी गोल फिरवत आत घाल, आयलेटची नळी जेमतेम शिरेल एवढंच भोक कर आणि लगेच ठोक, कारण धागे परत मिटतात. मागे वॉशर येणारीच घे. आयलेटांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक सपाट पट्टी हवीच.

शिवणवेडी_लेस्टर:
ताई, टेप नव्हती आणि भोकं पंचचीच. आत्ता अस्तर उसवलं. कंबरेपाशी शिवणीतली सुईची भोकं लांबट झालीत, उजेडात धरलं की दिसतात. बस्कची एक खुंटीही वाकली आहे.

दोरा_सुई_ताई:
खुंटी वाकली कारण नाडी आवळलेली असतानाच तू बस्क उघडलंस. आधी मागची नाडी चांगली सैल करायची. जोसलँ नावाच्या माणसाने पॅरिसमध्ये १८२९ साली पुढून उघडणाऱ्या बस्कचं पेटंट घेतलं, तरी नाडीचं काम संपलं नाही. साटीन आणि पट्ट्या वाचव, पॉपलिन सोडून दे. आधी मांजरपाटाचा नमुना शिवून, आवळून तासभर घरात वावर, मगच कूटिलला कात्री लाव.

कापूसकोंडा:
लेस्टरहून मार्केट हार्बरो जवळच आहे. सायमिंग्टनच्या जुन्या कॉर्सेट कारखान्याच्या इमारतीतच म्युझियम आहे. कारखान्यातली टीप कशी असायची ते काचेला नाक लावून बघ.

शिवणवेडी_लेस्टर:
शनिवारी जाते. आरी मागवली.