बडोद्यात मराठी सामुदायिक वाहिनी: केबलवर जागा घ्यायची की नाही?

मांडवीचा_दरवाजा (धागाकर्ता)

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथली मराठी घरं कारेलीबाग, मांजलपूर, गोत्रीकडे पांगली. कार्यक्रम मात्र अजून जुन्या शहरातच होतात. व्याख्यान, कीर्तन, एकांकिका काहीही असो, समोर शे-दीडशे माणसं, टाळ्या, आणि संपलं. म्हणून प्रस्ताव: एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टनं शहरातल्या केबल नेटवर्कवर वाहिनीची जागा घ्यावी.

आपल्याकडे सामुदायिक रेडिओला परवाना मिळतो, २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही. सामुदायिक टीव्हीला तसा परवानाच नाही. उपग्रह वाहिनी काढायची तर नेटवर्थ कोटीत दाखवावं लागतं. उरतो एकच रस्ता, ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’, म्हणजे केबलवाल्याची स्वतःची स्थानिक वाहिनी. ३० नोव्हेंबर २०२२ च्या केंद्रीय सूचनांनुसार ती ऑनलाइन नोंदवता येते. शुल्क वाहिनीमागे १,००० रुपये. अशा वाहिन्या केबलवाल्याच्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंत, ही मर्यादा राज्यपातळीवर मोजतात, आणि जिल्हापातळीवर २ वाहिन्या वेगळ्या.

वेळापत्रक असं: रोज १ तास नवं, ३ तास जुनं, हे ४ तासांचं चक्र दिवसातून ६ वेळा फिरवायचं. तुटून पडा.

हेडएंड_५७६

पडतो. ते १,००० रुपये भरणार कोण? एमएसओ, म्हणजे केबल नेटवर्क चालवणारा. मग नोंदणी त्याची, वाहिनी त्याची, तुमचा ट्रस्ट नुसता माल पुरवणारा. उद्या महिन्याला पैसे मोजणारा कुणी साड्या-दागिने विकणारा आला की तुमचं कीर्तन खाली उतरलं.

दुसरं कलम वाचलंत का? प्लॅटफॉर्म सर्व्हिसवरचा कार्यक्रम त्याच नेटवर्कपुरता असावा लागतो. दुसऱ्या केबलवाल्याला किंवा डीटीएचला तो देता येत नाही, आडवळणानंही नाही. सूट आहे ती मंदिर, गुरुद्वारा अशा ठिकाणच्या थेट प्रक्षेपणाला. म्हणजे अर्धी गोत्री एका नेटवर्कवर, अर्धी दुसऱ्यावर आणि उरलेली डीटीएचवर असेल तर तुमची ‘समाजाची वाहिनी’ एका कंपनीच्या गिऱ्हाइकांची वाहिनी होते.

तिसरं, सगळ्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं. सेकंदाला २.५ मेगाबिट (एमबीपीएस) धरले तर दिवसाला २७ जीबी, ९० दिवसांचे साधारण २.४ टीबी. ४ टीबीच्या दोन डिस्क धरा, कारण एक जाणारच. जबाबदारी कागदावर एमएसओची असते, पण करारात तो ती तुमच्या गळ्यात घालतो.

ओटल्यावरची_काकू

हेडएंड भाऊ, कायदा बरोबर, पण प्रेक्षक कोण ते बघा ना. सत्तरीपुढच्या बाईला रिमोटवर तीन आकडे दाबता येतात. मोबाईलवर लिंक आली, ती उघडली, मध्ये जाहिरात आली, मग भलतंच काहीतरी सुरू झालं, हे तिला नको असतं. केबलवर वाहिनी त्याच नंबरवर, त्याच वेळेला. सकाळी ७ ला हरिपाठ म्हणजे सकाळी ७ ला हरिपाठ.

हेडएंड_५७६

काकू, नंबर ‘त्याच’ जागी राहील ही खात्री करारात लिहून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. शिवाय या वाहिन्यांचा ईपीजीत (पडद्यावरच्या वाहिन्यांच्या यादीत) वेगळा गट असतो आणि ग्राहकाला त्या चालू-बंद करण्याची सोय द्यावी लागते. नवा बॉक्स बसवणाऱ्या पोरानं ती चालू केली नाही तर काकूंना ‘नॉट सबस्क्राइब्ड’ दिसणार.

करार करायचाच असेल तर किमान एवढं हवं: मुदत ३ वर्षं, काढायचं तर ९० दिवसांची लेखी सूचना, एलसीएन (वाहिनीचा नंबर) बदलायचा तर ३० दिवस आधी पडद्यावर पट्टी, आणि कार्यक्रमांचे हक्क ट्रस्टकडे. हे शेवटचं विसरू नका.

फीत_ते_फाईल

दोघंही जागेवरून भांडताय. वाहिनी मरते ती जागेमुळे नाही, तासांमुळे. रोज १ तास नवं म्हणजे महिन्याला ३० तास. दोन कॅमेऱ्यांवर जागच्या जागी स्विच करून घेतलेल्या १ तासाला ३ माणसं, ५ तास (मांडणी, ध्वनी तपासणी, आवराआवर धरून), वर १ तास साफसफाई. म्हणजे १६ मनुष्य-तास. गुणिले ३०, झाले ४८०. एवढे स्वयंसेवक असते तर शहरात दुसरं बरंच काही झालं असतं.

आठवड्याला २ नवे तास धरा. चक्र ४ तासांचंच ठेवा, पण रोज बदलू नका, दर सोमवारी आणि गुरुवारी बदला. तोच कार्यक्रम तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळेला दिसला की लोक कंटाळत नाहीत, उलट शेजारणीला सांगतात.

आता बिघडतं काय ते.

फोनवर घेतलेलं चित्रण. फोनचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) सतत हलत असतो. संकलनात तासाभरानंतर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. आधी स्थिर २५ फ्रेमवर आणा, मगच कात्री लावा. कॅमेरा ३० किंवा ६० वर ठेवला तर आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली पडदा धडधडतो. २५ फ्रेम, शटर १/५०, आणि सेटिंगवर चिकटपट्टी लावा म्हणजे कोणी बोट लावणार नाही.

आवाज. भजन टिपेला, मुलाखत कुजबुजल्यासारखी. बघणारा मुलाखतीला आवाज वाढवतो आणि पुढचं भजन त्याच्या कानात फुटतं. प्रत्येक फाईल −२३ एलयूएफएसवर (आवाजाच्या पातळीचं माप) मोजून बसवायची. यूट्यूबसाठी वेगळी प्रत, −१४ च्या आसपास.

अक्षरं. ही इंग्रजी वाहिन्यांना न येणारी भानगड. केबलवर अजून बऱ्याच ठिकाणी ५७६ ओळींचं इंटरलेस्ड चित्र जातं, म्हणजे आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. त्यात एकाच ओळीवर बसलेली आडवी रेघ लुकलुकते. आपली शिरोरेषा म्हणजे नेमकी तीच. बारीक फाँटमध्ये वक्त्याचं नाव लिहिलं की अक्षरांच्या डोक्यावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. ठळक फाँट घ्या, शिरोरेषा किमान ३ ओळी जाड हवी. मजकूर कडेपासून १० टक्के आत ठेवा, नाहीतर जुन्या संचावर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. फील्डचा, म्हणजे या दोन अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा लागला तर लेझीममध्ये प्रत्येकाला चार हात. हेडएंडवर (केबलवाल्याच्या मुख्य प्रक्षेपण केंद्रावर) फाईल देण्यापूर्वी लेझीमचा एक तुकडा चालवून बघा, याहून चांगली चाचणी नाही.

मांडवीचा_दरवाजा

हे छापून ठेवतो. थेट प्रक्षेपणाचं काय? वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, तरी थेट दाखवायला हवा.

फीत_ते_फाईल

वरघोड्याला मांडवीत खांद्याला खांदा लागतो, प्रत्येकाच्या हातात फोन. चाचणी घेताना ४जी उत्तम, पालखी आली की अपलोड शून्य. चार सिम एकत्र जोडून (बाँडिंग) पाठवलंत तरी चारही कंपन्यांचे टॉवर त्याच गर्दीत गुदमरतात. उपाय बिनडोक आहे: वाटेवरच्या एखाद्या दुकानाच्या माळ्यावरचं फायबर आठ दिवस आधी मागून घ्या, तिथून एसआरटीनं (इंटरनेटवरून थेट चित्र पाठवायची पद्धत) हेडएंडला पाठवा. ३ एमबीपीएस पाठवायचे तर खरं अपलोड ६ हवं, लेटन्सी (चित्र पोचायला लागणारा उशीर) २ सेकंद. कॅमेरा १० मीटरपेक्षा लांब असेल तर एचडीएमआयच्या नादी लागू नका, एसडीआय (लांब पल्ल्याची व्हिडिओ तार) ओढा.

आणि १४ जानेवारीला काहीही थेट ठेवू नका. उत्तरायणात मांजा गच्चीवरच्या तारांत अडकतो, पोरं ओढतात, घरात उतरलेली आरजी-६ केबल कनेक्टरपासून सुटते. त्या आठवड्यात केबलची माणसं फक्त तारा जोडत फिरतात, तुमचा फोन उचलायला कोणी नसतं.

पूररेषेवर

सगळे करमणुकीबद्दलच बोलताय. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री शहरात आली तेव्हा कुठला पूल बंद, पाणी कुठे चढतंय, हे गुजराती, हिंदी वाहिन्यांवर राज्याच्या बातम्यांत मिसळून येत होतं. गल्लीपुरती माहिती देणारी वाहिनी हवी ती यासाठी. मराठीच कशाला, दोन्ही भाषांत द्या.

हेडएंड_५७६

सपशेल असहमत. पूर आला की पहिली जाते वीज. घरचा टीव्ही बंद, खांबावरच्या नोडचा (गल्लीला सिग्नल वाटणाऱ्या पेटीचा) बॅकअप काही तासांचा. चार्ज केलेला मोबाईल आणि रेडिओ टिकतात, केबल टिकत नाही. शिवाय ‘पूल बंद’ हे वृत्त झालं. स्थानिक बातम्या द्यायच्या तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला लागतो. भागीदारी किंवा एकट्या मालकाचा असेल तर तो दरवाजा बंद.

पूररेषेवर

पाणी चढायच्या आदल्या दिवशी वीज असते, साहेब. माहिती तेव्हाच हवी असते. कंपनीचा मुद्दा मान्य, आधी विचारून घ्यावं.

पिजचा_मनोरा

इतिहास आपल्या दारातच आहे. खेडा जिल्ह्यात पिजला १९७५ ते १९८५ इस्रोच्या अहमदाबाद केंद्रानं १ किलोवॉटच्या ट्रान्समीटरवर स्थानिक टीव्ही चालवला. गावोगावी सामुदायिक संच, विषय शेती, दूध, हुंडा, मजुरी, आणि गावकरी स्वतः कार्यक्रमात. १९८४ ला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला, १९८५ ला प्रकल्प गुंडाळला गेला. प्रेक्षक होते, दर्जा होता. निर्णय गावाच्या हातात नव्हता.

अमेरिकेत उलट केलं. १९७२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं (एफसीसी) मोठ्या केबल कंपन्यांना लोकांसाठी वाहिन्या राखायला लावल्या, १९७९ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उडवला, मग १९८४ च्या केबल कायद्यानं हा अधिकार शहरांना दिला. शहर केबल कंपनीकडून ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेऊ शकतं, बऱ्याच केंद्रांचा खर्च त्यातून निघाला. आपल्या सूचनांत असं एकही वाक्य नाही. म्हणून मी केबलच्या विरोधात. हक्क नसताना मिळालेली जागा ही मेहेरबानी.

तिथली एक पद्धत मात्र उचला: पहिला येईल त्याला वेळ. निवड समिती नको. कॅमेरा वापरायचं छोटं प्रशिक्षण पुरं केलं की कोणालाही यंत्रं उसनी आणि अर्ध्या तासाची जागा.

ओटल्यावरची_काकू

पहिला येईल त्याला? मग दर निवडणुकीला सगळा वेळ इच्छुक उमेदवारच घेणार. बडोद्यात राहता ना?

पिजचा_मनोरा

एका माणसाला तीन महिन्यांत दोनच जागा, आचारसंहितेच्या काळात उमेदवाराला शून्य. नियम वेळेचा असावा, मजकुराचा नसावा. मजकुराला केबल कायद्याची कार्यक्रम संहिता आहेच.

रंगमंचामागे

गाण्यांचं कोणी बोललंच नाही. आपले निम्मे कार्यक्रम भावगीत आणि नाट्यपदांचे. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रिकेवरचा ती निघाल्यापासून ६० वर्षं. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे रामनवमीला मंडळ जी गाणी हमखास बसवतं त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेर हक्क आहे. हॉलमध्ये गाणं वेगळं, ते प्रक्षेपित करणं वेगळं. त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि ती केबलवाला घेणार की ट्रस्ट हे करारात लिहा.

केबलऐवजी यूट्यूब म्हणणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. तिथे ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक म्हणजे चॅनेलच जातं, दहा वर्षांच्या साठ्यासकट. थेट प्रक्षेपण मधेच तोडतात ते वेगळं.

ताळेबंद

पैशाचं थोडक्यात. ट्रस्टचा उद्देश ‘सर्वसाधारण लोकोपयोग’ असेल तर जाहिरात वगैरे व्यापारी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर गेली की आयकराची सूट धोक्यात. म्हणजे ४ लाखांच्या वर्षात जाहिराती ८० हजारांच्या आत, बाकी देणग्या. रोख देणगी २,००० च्या वर घेतली तर देणाऱ्याला आयकरात वजावट मिळत नाही, त्यामुळे डबा फिरवणं बंद. तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते (त्यात २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रचाराची), पण तेवढी मिळाली तर उलट पंचाईत! बारशाच्या, साठीशांतीच्या शुभेच्छांची पट्टी देणगी म्हणून घेऊ नका. ती जाहिरातच.

मांडवीचा_दरवाजा

बरं. दुरुस्त प्रस्ताव: केबलवाल्याकडे जाण्याआधी ३० तास तयार साठा, आठवड्याला २ नवे तास, आणि ६ महिने फक्त यूट्यूब. आकडे टिकले तर केबल. काकू, रागावू नका.

ओटल्यावरची_काकू

रागावले. सहा महिन्यांत लिंकवर कोण आलं ते मोजाल आणि म्हणाल ज्येष्ठांना रस नाही. ज्यांच्यासाठी केबल हवी त्यांना यूट्यूबवर मोजताय तुम्ही.

हेडएंड_५७६

यात काकूंचं बरोबर आहे. मग चाचणीच केबलवर घ्या. त्याच्या चालू स्थानिक वाहिनीवर रोज सकाळी ७ ते ८ चा तास ३ महिन्यांसाठी मागा. नवी नोंदणी लागत नाही, ९० दिवसांची डिस्क त्याची आधीच फिरतेय. एक मात्र करा, मूळ फाईली त्याच्या मशीनवर राहू देऊ नका.

फीत_ते_फाईल

+१. आणि त्या डिस्क कोणाच्या घरी राहणार ते आत्ताच ठरवा. अध्यक्षांच्या नको. अध्यक्ष बदलतात तेव्हा भांडून बदलतात.